मोटारीचे बाजारी बाह्यभाग आणि नियमित देखभालीतील अडथळे : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

क्षेत्रफळाच्या दृष्टीने अहमदनगर हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. २०२४ मध्ये त्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले. पश्चिमेस अकोले तालुक्यातील सह्याद्रीचा अतिवृष्टीचा प्रदेश, मध्यभागी प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरील ऊसपट्टा आणि पूर्व-दक्षिणेस पाथर्डी, कर्जत, जामखेड यांसारखे पर्जन्यछायेतील तालुके अशी या जिल्ह्याची रचना आहे. येथील मोटारीला एकाच वर्षात घाटातील पाऊस, शेतरस्त्यावरील काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे जाणारे तापमान आणि गळीत हंगामात रात्रीच्या वेळी मागील दिवा नसलेल्या ऊसाच्या ट्रॉल्या अशा सर्व परिस्थितींना तोंड द्यावे लागते. त्यामुळे नवी मोटार घरी येताच तिला पुढे लोखंडी गार्ड, खाली इंजिन गार्ड, दारांवर पट्ट्या व खिडक्यांवर पावसाळी झडपा बसवून घेण्याकडे मालकाचा कल असतो. अपघातानंतर कंपनीच्या भागाऐवजी स्वस्त 'लोकल' बंपर किंवा मडगार्ड बसविण्याची प्रथाही सर्वत्र आढळते.

या भागांची चर्चा बहुधा किंमत व शोभा यांपुरतीच मर्यादित राहते. तथापि त्यांचा खरा परिणाम पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी जाणवतो. हा परिणाम कसा घडतो व त्यातून सुरक्षिततेचा प्रश्न कसा उद्भवतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. देखभाल आणि 'पोहोच'

मोटारीची रचना करताना कोणता भाग किती दिवसांनी तपासावा लागेल आणि तेथपर्यंत हात व पाना कसा पोहोचेल, याचा विचार निर्माता आधीच करतो. ऑइल काढण्याचा नट, फिल्टर, दिव्यांच्या मागील झाकणे, जॅक लावण्याच्या जागा, पाणी निथळण्याची छिद्रे या सर्वांची स्थाने त्या विचारातून ठरलेली असतात. बाह्यांगावर नंतर बसविलेला भाग हा क्रम बदलतो. मूळ काम तेच राहते, परंतु त्याच्या आधी काढण्याचे व नंतर पुन्हा बसविण्याचे असे दोन टप्पे वाढतात. हे टप्पे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नसल्याने त्यांचा वेळ व मजुरी कोणी गृहीत धरलेली नसते. परिणामी एक तर मालकाचा खर्च वाढतो किंवा मिस्त्री ते काम टाळतो. यांपैकी दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे, कारण टाळलेली तपासणी बिलावर दिसत नाही.

२. इंजिन गार्डचे उदाहरण

शेतरस्त्यावरील दगडाने इंजिनचा चेंबर फुटू नये म्हणून खालून पत्रा बसविणे ही येथील वास्तविक गरज आहे. मात्र पुष्कळदा हा पत्रा सलग असतो. चेंबरच्या नटासमोर छिद्र नसल्यास प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी संपूर्ण गार्ड उतरवावा लागतो. चिखल व गंज यांमुळे त्याचे बोल्ट जाम होतात, ते काढताना आटे खराब होतात आणि पुढील खेपेस चारपैकी तीनच बोल्ट बसतात. सैल झालेला पत्रा वाजू लागला की दोष सस्पेन्शनचा आहे असा गैरसमज होऊन नको ती दुरुस्ती केली जाते.

गळती झाकली जाणे हा याहूनही महत्त्वाचा तोटा आहे. ऑइल किंवा कूलंट गळू लागल्यास मोटार उभी असलेल्या जागी डाग पडतो आणि सामान्य मालकासाठी तीच पहिली सूचना असते. सलग गार्ड असल्यास गळणारे ऑइल त्यावरच साचते व ही सूचना मिळत नाही. गार्डवर अडकलेले कोरडे पाचट किंवा गवत ऑइलने भिजून तप्त सायलेन्सरच्या नळीजवळ राहिल्यास आगीचा धोकाही संभवतो.

३. पुढील गार्ड, हवा आणि दिवे

रेडिएटर व त्यापुढील वातानुकूलन यंत्रणेचा कंडेन्सर यांना समोरून येणाऱ्या हवेची आवश्यकता असते. जाड नळ्यांचा गार्ड, शोभेची जाळी किंवा जादा दिव्यांची पट्टी या हवेचा मार्ग अंशतः अडविते. धुळीच्या तालुक्यांत कंडेन्सरच्या पात्यांमध्ये माती भरते व ती वेळोवेळी पाण्याने धुवावी लागते. गार्डमुळे पाण्याचा झोत नीट पोहोचत नाही. उन्हाळ्यात थंडावा कमी झाल्यावर दोष गॅसचा समजून गॅस भरला जातो आणि मूळ कारण तसेच राहते.

अनेक आधुनिक मोटारींमध्ये दिव्याचा बल्ब बदलण्यासाठी चाकाच्या आतील अस्तर किंवा बंपर सैल करावा लागतो. गार्ड बंपरमधून आरपार जाऊन चासीला जोडलेला असेल तर प्रथम तो उतरविणे अपरिहार्य ठरते. मोटार ओढण्यासाठी दिलेला हूकही त्याआड जाऊ शकतो.

४. पर्यायी बंपर व मडगार्ड

स्वस्त पर्यायी भाग केवळ दिसण्यात मूळ भागासारखे असतात. त्यांतील क्लिपांच्या जागा काही मिलिमीटरनी सरकलेल्या असतील तर मिस्त्री स्क्रू मारून किंवा छिद्र वाढवून बंपर बसवितो. पुढच्या वेळी तो काढताना कान तुटतात. मडगार्डच्या मापातील फरकामुळे बॉनेटच्या फटी असमान होतात, दिव्याची बैठक तिरपी होते आणि प्रकाशझोताची दिशा बदलते. समोरच्या वाहनचालकाचे डोळे दिपण्यामागे असाही दोष असू शकतो.

मूळ पत्र्यास कारखान्यात गंजरोधक लेपाच्या कुंडात बुडविले जाते. बाजारी पत्र्यावर बहुधा केवळ वरवरचा प्रायमर असतो. दारांच्या तळाशी व उंबऱ्यावर बसविलेल्या पट्ट्या निथळछिद्रे बुजवितात, तर स्क्रूसाठी पाडलेली छिद्रे रंगाचे संरक्षण भेदतात. अकोल्यासारख्या पावसाळी भागात पट्टीखालचा गंज पत्रा आरपार खाल्ल्यावरच नजरेस पडतो. याच पट्ट्या जॅकची जागाही झाकतात. मग रस्त्याकडेला स्टेपनी बदलणारा माणूस जॅक चुकीच्या जागी लावतो व मोटार घसरण्याचा धोका पत्करतो.

५. संवेदक व सुरक्षितता

१ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग व मागील पार्किंग संवेदक अनिवार्य झाले. त्यामुळे बंपर आता केवळ प्लास्टिकचे आवरण राहिलेला नाही. मागील गार्ड संवेदकाच्या टप्प्यात आल्यास खोटा इशारा वाजत राहतो. त्याला कंटाळून मालक ती यंत्रणाच बंद करून घेतो.

एअरबॅग उघडण्याचा निर्णय धडकेच्या वेळी वेग किती झपाट्याने घटतो यावरून सेकंदाच्या अत्यल्प अंशात घेतला जातो. मोटारीचा पुढील भाग ठरावीक क्रमाने चुरगळून आघात शोषील, हे त्यात गृहीत असते. चासीला घट्ट जोडलेला लोखंडी गार्ड आघाताचा मार्ग बदलतो. त्यामुळे एअरबॅग अवेळी उघडण्याची किंवा न उघडण्याची शक्यता निर्माण होते. शिवाय पादचाऱ्यास होणारी इजा अधिक तीव्र होते. ऊसाच्या ट्रॉलीपासून बचाव व्हावा म्हणून बसविलेले साधन मोटारीतील व्यक्तींचेच संरक्षण अशा रीतीने क्षीण करू शकते.

६. कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळतः विनिर्दिष्ट केलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अनधिकृत क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्याचे राज्यांना कळविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा हाच अर्थ अधोरेखित केला. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने नव्या स्वरूपात आलेल्या कलम १८२-अ नुसार अननुज्ञात बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ मापाचा मडगार्ड बदलणे हा असा बदल नव्हे. म्हणून पुनर्स्थापना आणि फेरबदल यांतील भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

या संदर्भात जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य नमूद करण्याजोगे आहे. नगरजवळील संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना ही केंद्रीय मोटार वाहन नियमावली १९८९ च्या नियम १२६ नुसार वाहनांच्या नमुन्याची चाचणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक आहे. अशा चाचणीतून जी रचना मान्य होते, तिच्यात रस्त्याकडेच्या दुकानात तासाभरात बदल केला जातो आणि बदललेल्या रचनेची चाचणी मात्र कोणीही करीत नाही.

७. निवडीचे निकष

सर्वच जोडभाग त्याज्य ठरविणे व्यवहार्य नाही. खराब रस्त्यावर इंजिन गार्ड उपयुक्तच आहे. परंतु भाग बसविण्यापूर्वी पुढील बाबी पाहाव्यात :

(१) ऑइलचा नट व फिल्टर यांच्यासमोर छिद्र किंवा झडप आहे काय?
(२) भाग मूळ छिद्रांतच बसतो, की पत्रा छेदावा लागतो?
(३) रेडिएटरची हवा, दिवे, क्रमांकपट्टी, संवेदक, जॅकची जागा व ओढण्याचा हूक मोकळे राहतात काय?
(४) तो साध्या पान्याने काढता-घालता येतो काय?
(५) त्याची पावती जपली आहे काय व विमा कंपनीस माहिती दिली आहे काय?

सर्व्हिसिंगला मोटार देताना जोडभागांची यादी मिस्त्रीस सांगावी आणि वर्षातून किमान एकदा, पावसाळा संपल्यावर, ते उतरवून आतील बाजू तपासून घ्यावी.

निष्कर्ष

बाजारी बाह्यभागाची किंमत खरेदीच्या दिवशी पूर्णपणे चुकती होत नाही. तिचा उर्वरित हिस्सा वाढीव मजुरी, चुकीचे निदान, झाकलेला गंज आणि टाळलेली तपासणी यांच्या रूपाने पुढे फेडावा लागतो. जो भाग तपासणीची वाट मोकळी ठेवतो तो उपयुक्त आणि जो ती अडवितो तो कितीही मजबूत असला तरी हानिकारक, हा साधा निकष त्यातून निष्पन्न होतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतनांतील वाहनविषयक अभ्यासक्रमांत जोडभागांसह येणाऱ्या मोटारीच्या देखभालीचा सराव अंतर्भूत झाल्यास जिल्ह्यातील गॅरेजांना त्याचा प्रत्यक्ष लाभ होऊ शकेल. महाविद्यालयांनीही स्वतःच्या वाहनांसाठी अशी तपासणी सुरू करणे इष्ट ठरेल.