नव्व्याण्णव वर्षांचे घर

३१ डिसेंबर २०२० रोजी सिंगापूरच्या गेलांग भागातील लोरोंग ३ या गल्लीतल्या १९१ घरांचा ६० वर्षांचा भाडेपट्टा संपला. जमीन सरकारजमा झाली आणि घरमालकांना कसलीही भरपाई मिळाली नाही. ही एकमेकांना लागून असलेली खासगी घरे होती, संख्येनेही थोडी. तरीही साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले होते, कारण सिंगापूरचे जवळजवळ ८० टक्के रहिवासी गृहनिर्माण आणि विकास मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या इमारतींत राहतात आणि त्यांतील विकत घेतलेला जवळजवळ प्रत्येक फ्लॅट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा असतो. मुदत संपली की घराची किंमत शून्य. ज्या शहराच्या गृहनिर्माणाचा दाखला आशियाभर दिला जातो, त्याच्यापुढचा आजचा सर्वांत अवघड धोरणप्रश्न हा आहे. माझ्या मते दोष ९९ वर्षांच्या मुदतीत नाही. घर सर्वांना परवडेल आणि त्याच घराची किंमत कायम वाढत राहील, ही दोन आश्वासने एकाच वेळी दिली गेली, तिथे चूक झाली.

एचडीबीची स्थापना १९६० ची. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वी येथील झोपड्यांना लागलेल्या आगीत सुमारे १६ हजार लोक बेघर झाले आणि घरबांधणीला विलक्षण वेग आला. १९६४ मध्ये भाड्याऐवजी घरे विकण्याची योजना आली. १९६८ पासून लोकांना भविष्यनिर्वाह निधीतली स्वतःची शिल्लक घरासाठी वापरता येऊ लागली. या साऱ्याच्या तळाशी मात्र १९६६ चा भूसंपादन कायदा होता. त्यातील पुढच्या दुरुस्तीने भरपाईचा दर ३० नोव्हेंबर १९७३ च्या बाजारभावाशी बांधला गेला. बाजारभावाने पूर्ण भरपाई देण्याची तरतूद थेट २००७ मध्ये झाली. हजारो जमीनमालकांनी सार्वजनिक कामाच्या नावाने मोठा तोटा सोसला आणि त्या स्वस्त जमिनीवर परवडणारी घरे उभी राहिली. भाडेपट्ट्याचा विचार करताना हा इतिहास नजरेआड करून चालत नाही.

दुसरे आश्वासन हळूहळू आत शिरले. १९७१ पासून फ्लॅट बाजारभावाने पुन्हा विकण्याची मुभा मिळाली. १९९० च्या दशकात सरकारने जुन्या वसाहतींचे नूतनीकरण सुरू केले आणि घर ही वाढती मालमत्ता आहे, असे उघडपणे सांगितले. निवृत्तीची पुंजी घरात अडकली होती, त्यामुळे लोकांना ते हवेच होते. १९९५ मध्ये ‘सर्स’ ही पुनर्विकास योजना आली. तीत निवडलेल्या इमारतीतील रहिवाशांना बाजारभावाने भरपाई आणि नव्या भाडेपट्ट्याचे घर मिळे. आपलीही पाळी येईल या आशेवर जुन्या फ्लॅटचे भाव चढत राहिले. मार्च २०१७ मध्ये तेव्हाचे विकासमंत्री लॉरेन्स वोंग यांनी सर्व जुन्या इमारतींना ‘सर्स’ मिळेल असे समजू नका, असे स्पष्ट बजावले. अशी संधी फार तर ५ टक्के फ्लॅटना आहे, असे पुढे सांगण्यात आले. कारण मुंबईकराला लगेच कळेल: जुन्या इमारतीच्या जागी कितीतरी जास्त चटईक्षेत्र मिळत असेल, तरच पुनर्विकासाचा हिशेब जुळतो. सिंगापुरात बहुतेक वसाहती मुळातच उंच आणि दाट आहेत.

मग भाडेपट्टे सरसकट वाढवून का देऊ नयेत? ही मागणी सहानुभूतीने ऐकण्यासारखी आहे. लोकांनी आयुष्यभराची बचत ओतली आहे आणि फेरविक्रीत घेणाऱ्यांनी तर पूर्ण बाजारभाव मोजला आहे. पण मुदतवाढ म्हणजे आज ज्यांच्याकडे फ्लॅट आहे त्यांच्या वारसांना कायमची देणगी, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्या मुलांसाठी बंद दार. जमीन परत येते म्हणूनच पुढच्या पिढीसाठी घरे बांधता येतात. १९६६ च्या कायद्याने एका पिढीकडून सर्वांसाठी घेतलेली जमीन दुसऱ्या एका पिढीच्या खासगी वारशात बदलणे मला न्याय्य वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की १९७० च्या दशकातील भाडेपट्टे २०६९ नंतरच संपू लागतील, मग आताच घाई कशाला? किंमत मात्र शेवटच्या दिवशी अचानक कोसळत नाही. २०१९ पासून फ्लॅटची उरलेली मुदत सर्वांत तरुण खरेदीदाराच्या वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत पुरत नसेल, तर भविष्यनिर्वाह निधीच्या वापरावर मर्यादा येते. म्हणजे जुन्या घराला तरुण गिऱ्हाईक कमी होते आणि झळ म्हातारपणी विकायला निघालेल्यांना बसते. २०२२ मध्ये आंग मो किओ येथील चार इमारती ‘सर्स’साठी निवडल्या, तेव्हा भरपाईत नवे घर येत नाही, पदरचे पैसे घालावे लागतात, अशी तक्रार वृद्ध रहिवाशांनी केली. अखेर ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या स्वस्त घराचा पर्याय द्यावा लागला. सर्वांत उदार योजनेत ही अडचण, तर बाकीच्यांचे काय? आणि त्याच सुमारास चांगल्या वस्तीतील फ्लॅट दहा लाख डॉलरच्या पुढे जात होते. २०२४ मध्ये अशा हजाराहून अधिक विक्री झाल्या.

सरकारने हा गुंता ओळखला आहे. मोक्याच्या जागच्या नव्या फ्लॅटना २०२१ पासून दहा वर्षे विक्रीबंदी आणि विकताना अनुदानाचा काही भाग परत करण्याची अट लागू झाली. २०१८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी ‘व्हर्स’ योजना जाहीर केली. साधारण सत्तर वर्षे जुन्या वसाहतींतील रहिवासी मतदानाने आपली घरे सरकारला परत विकायची की नाही ते ठरवतील. भरपाई ‘सर्स’पेक्षा कमी असेल. दिशा योग्य आहे. तरीही कमी म्हणजे किती, याचे सूत्र मतदानाच्या वेळी पुढे आले तर फार उशीर झालेला असेल. आज पन्नाशीत असलेल्या माणसाने घर विकावे, मुलांजवळ लहान घर घ्यावे की भाडेपट्ट्याची शेवटची वर्षे एचडीबीला विकून मासिक उत्पन्न घ्यावे, हे त्या एका आकड्यावर ठरते. वसाहतींचा क्रम आणि भरपाईचे सूत्र आताच छापून टाकले, तर काही फ्लॅटचे भाव लगेच उतरतील आणि सत्ताधाऱ्यांना मतपेटीत त्याची किंमत मोजावी लागेल. पण उतरलेला तो भाव त्या घरांचा खरा भाव असेल, आणि पहिले घर शोधणाऱ्या तरुण जोडप्याला तोच परवडण्याजोगा आहे.