यंत्र गेले, कागद आला

शहापूरच्या किंवा मुरबाडच्या बाजारात भाजीच्या पाटीला टेकवलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन तुम्ही नेहमी पाहता. गिऱ्हाईक त्यावर फोन धरते आणि पैसे जातात. ही सोय बहुधा गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगितली जाते. आपण ती गल्ल्याच्या बाजूने पाहू. कारण विकणाऱ्याने नकार दिला, तर सारी यंत्रणा तेथेच थांबते.

मुरबाड तालुक्यातील धसई हे आसपासच्या पाड्यांच्या बाजारहाटाचे गाव. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी झाली आणि १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. बँक ऑफ बडोदाने तेथील व्यापाऱ्यांना कार्ड घासण्याची यंत्रे दिली. पुढे तेथे रोख व्यवहार पुन्हा वाढल्याच्या बातम्या आल्या. जुनी सवय सुटत नाही, एवढे म्हणून हे प्रकरण मिटवणे मला पटत नाही. यंत्राचे काम कसे चालते ते पाहा.

कार्ड घासले की यंत्र दुकानदाराच्या बँकेला निरोप धाडते. ती बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत गिऱ्हाइकाच्या बँकेला विचारते आणि होकार त्याच वाटेने परतला की पावती निघते. म्हणजे दुकानातल्या यंत्राला वीज हवी, कागदाची गुंडाळी हवी आणि नेटवर्क तर हवेच. आता मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी असते अवघी १७ सेंमी. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या, म्हणून त्या डोंगराला वळसा घालू शकतात. या आखूड लहरींना ते फारसे जमत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी हा फरक दुकानदाराला भोवतो.

शिवाय शुल्क. २०१८ पासून लहान व्यापाऱ्याकडून डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.४० टक्के घेण्याची मुभा होती. ५०० रुपयांवर २ रुपये. एवढेच ना, असे तुम्ही म्हणाल. पण समजा, त्या ५०० रुपयांच्या साखरेत वाण्याला १० रुपये सुटतात. मग नफ्याचा पाचवा हिस्सा गेला! रुपे डेबिट कार्ड आणि २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय यांवरचे हे शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य झाले.

ठिपक्यांच्या चौकोनाने, म्हणजे क्यूआर कोडने, ओझे पालटले. जपानमध्ये १९९४ साली तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. त्यात पैसे नसतात, केवळ दुकानदाराचा यूपीआय पत्ता असतो. वीज आणि नेटवर्क लागते ते गिऱ्हाइकाच्या फोनला. दुकानदाराकडे उरतो कागद. त्यावर चिखल उडाला तरी बिघडत नाही. माहितीबरोबर तपासणीचे जादा अंकही ठिपक्यांत छापलेले असतात. त्यांच्या आधारे हरवलेला भाग गणिताने भरून काढता येतो, सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्क्यांपर्यंत.

पण कागद मुका. पैसे आले की नाही, हे तो सांगत नाही. कोणी पैसे भरल्याचे खोटे चित्र फोनवर दाखवून माल घेऊन जातो. रात्रीतून कोणी दुसराच चौकोन वर चिकटवला, तर विक्री भलत्याच्या खात्यात जमा होते. म्हणून बोलणारी डबी आली. रक्कम जमा झाल्याचा निरोप मिळताच ती आकडा मोठ्याने सांगते. मात्र तिच्या पोटात सिमकार्ड असते आणि भाडे बहुधा दुकानदारच भरतो. नेटवर्कची गरज अशी फिरून दुकानातच आली. डोंगराआडच्या एखाद्या दुकानात ही डबी फळीवर न ठेवता दाराच्या चौकटीला टांगलेली दिसली, तर त्याचे कारण ओळखून पाहा.