पाणी उतरले की पाहुणे येतात

परदेशात फिरायला जायचे ठरले तर तुम्ही कोठे जाल? दरवर्षी अकरावीच्या नव्या वर्गाला मी हा प्रश्न विचारतो. भौतिकीच्या तासाला हे काय मध्येच, असे मुलांच्या चेहऱ्यावर दिसते. पण तास बुडतो आहे या आनंदात कोणी हरकत घेत नाही. उत्तरे ठरलेली असतात: स्वित्झर्लंड, सिंगापूर, दुबई, लंडन. मग मी प्रश्न उलटा करतो. परदेशातल्या प्रवाशांना आपल्या बारामती-इंदापूर भागात कोठे यावेसे वाटत असेल? यावर वर्गात हमखास हशा पिकतो.

हसण्यासारखे त्यात काही नाही. मंगोलिया, तिबेट आणि मध्य आशियातून निघालेले हजारो प्रवासी दर हिवाळ्यात इंदापूर तालुक्यात मुक्कामाला येतात. भिगवण, कुंभारगाव, पळसदेव या गावांच्या शिवारापर्यंत उजनी धरणाचे पाणी पसरलेले आहे. त्या पाण्याच्या काठावर हे पाहुणे उतरतात. पट्टकादंब हंस, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, कुरव आणि चिमुकले टिलवे, अशी ही मंडळी आहेत. पण ज्यांना पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची माणसे पहाटे उठून गाड्या काढतात, ते म्हणजे रोहित पक्षी, अर्थात फ्लेमिंगो.

काही वर्षांपूर्वी आम्हीही अशीच सहल काढली. तारीख ठरवली मी. नाताळच्या सुटीतील शेवटचा आठवडा, थंडी कडाक्याची, म्हणजे पक्षी असणारच, असा माझा हिशेब होता. बारामतीहून अंधारातच निघालो आणि उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावर पोहोचलो. पाहतो तो समोर नुसते पाणीच पाणी! दूरवर काही बदके आणि वर फिरणारे कुरव, एवढेच. रोहित पक्षी एकही नाही. एका मुलीने हळूच विचारले, "सर, ते यंदा दुसऱ्या देशात गेले का?" मला उत्तर सुचेना. उत्तर दिले ते आमच्या नावाड्याने. तो म्हणाला, "सर, तुम्ही तारीख बघून आलात. पाखरं तारीख बघत न्हाईत, पाणी बघत्यात." असे म्हणून त्याने हातातील बांबू काठापाशीच पाण्यात खुपसला. बांबू छातीएवढा आत गेला. "हे कमरेखाली यायला पायजे. मग या."

दुपारी भिगवणला चिलापी आणि भाकरी खाऊन आम्ही आमचे दुःख कमी केले, पण त्या बांबूने माझ्या डोक्यात घर केले. नावाड्याने एका वाक्यात सांगितलेली गोष्ट आपण जरा आकडे घालून पाहू.

उजनीचे धरण भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यात आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे. पाणी ४९१.०३ मीटरपर्यंत उतरले की 'उपयुक्त साठा' संपला असे म्हणतात, आणि त्याखाली उरतो तो 'मृत साठा'. वर्तमानपत्रात 'उजनी उणे पातळीत' अशी बातमी येते, तिचा अर्थ पाणी या खालच्या रेषेच्याही खाली गेले असा असतो. आता दोन पातळ्यांची वजाबाकी करा. फरक येतो फक्त ५.८ मीटर. दुमजली घराची उंची फार तर! आणि एवढ्या जाडीच्या थरात पाणी किती मावते? सुमारे ५३.५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. यावरून ५३.५ टीएमसीचे झाले सुमारे १५१ कोटी घनमीटर. या आकारमानाला ५.८ मीटर उंचीने भागा. सरासरी क्षेत्रफळ मिळते सुमारे २६० चौरस किलोमीटर.

आता कल्पना करा. २६० चौरस किलोमीटर लांबरुंद पसरलेली आणि पाच-सहा मीटरच उंच अशी ही पाण्याची पातळ चकती आहे. कोयनेचा जलाशय डोंगरांच्या दरीत आहे. त्याचे काठ उभे आहेत, त्यामुळे पाणी कितीही उतरले तरी काठ जागचा फारसा हलत नाही. उजनीचे पाणी मात्र भीमेकाठच्या सपाट शेतजमिनीवर पसरले आहे. समजा काठाचा उतार दोनशेला एक आहे. म्हणजे दोनशे मीटर चालले तर जमीन एक मीटर खाली जाते. अशा ठिकाणी पातळी फक्त दहा सेंटिमीटर उतरली तर पाण्याची कड वीस मीटर मागे सरकते. रब्बीच्या पिकांना आवर्तन सुटते, खाली सोलापूरला पाणी जाते, ऊन तापते तसे बाष्पीभवन वाढते, आणि आठवड्या-आठवड्याला ही कड मागे मागे जात राहते. तिच्या मागे ओला चिखल उघडा पडतो आणि पुढे गुडघाभर पाण्याचा एक पट्टा तयार होतो.

हाच पट्टा प्रवाशांचे आवडते ठिकाण! ते नकाशावर एका जागी टिकत नाही, रोज सरकते.

त्या पट्ट्यात एवढे असते तरी काय? पाण्यातून खाली जाताना प्रकाशाचा जोर झपाट्याने कमी होतो. प्रत्येक थर आपल्या वाट्याला आलेल्या प्रकाशाचा ठराविक हिस्सा गिळतो, आणि गढूळ पाण्यात हा हिस्सा मोठा असतो. त्यामुळे खोल पाण्याचा तळ अंधारात राहतो. उथळ पाण्यात मात्र ऊन तळापर्यंत पोहोचते, पाणी कोमट होते, चिखलावर शेवाळ माजते आणि त्यावर किड्यांच्या अळ्या, गोगलगाई व सूक्ष्म जीव पोसले जातात. या ताटावर बसण्याची जागा ज्याच्या त्याच्या पायांच्या लांबीने ठरते. टिलव्याचे पाय बोटभर, म्हणून तो ओल्या चिखलावर. शेकाट्याच्या लाल काड्यांसारख्या तंगड्या वीतभर लांब, तो जरा आत. रोहिताची उंची सव्वा ते दीड मीटर, म्हणून तो सर्वांच्या पुढे. नावाड्याने सांगितलेले 'कमरेखाली' हे माप खरे म्हणजे रोहिताच्या पायांचे माप होते.

रोहिताची जेवण्याची पद्धत अजब आहे. तो मान खाली वाकवून चोच उलटी पाण्यात घालतो. म्हणजे वरची चोच खाली आणि खालची चोच वर! जाडजूड जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी मागेपुढे करून तो पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडांवरील चाळणीतून बाहेर ढकलतो. अन्न आत अडकते. इतके पूर्वीपासून माहीत होते. परंतु २०२५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने पुढची गंमत उलगडली. चिली देशातील जातीच्या रोहितांचे चित्रीकरण करून शास्त्रज्ञांनी पाहिले, की हा पक्षी तळाशी नेलेले डोके झटक्यात वर उचलतो. वेग सेकंदाला सुमारे चाळीस सेंटिमीटर. त्या झटक्याने पाण्यात वावटळीसारखा भोवरा उठतो आणि तळाचा गाळ, त्यातील जीवांसकट, वर खेचला जातो. शिवाय तो पाय नाचवून चिखल ढवळतो आणि चोच सेकंदाला बारा वेळा उघडझाप करतो. चपळ जीवसुद्धा या भोवऱ्यांतून निसटत नाहीत. चाळणी लावून नुसता उभा राहणारा हा पक्षी नव्हे, तर भोवऱ्यांचे जाळे टाकणारा शिकारी आहे.

हे तुम्हाला घरी पडताळता येईल. बादलीत वीतभर पाणी घ्या, तळाशी मूठभर बारीक माती टाका आणि ती बसू द्या. आता तळहात तळाला समांतर, अगदी मातीजवळ न्या आणि झटकन वर उचला. माती हाताच्या मागोमाग उसळून येते. हाच प्रयोग हात खूप वर धरून करा, माती ढिम्म हलणार नाही. भोवऱ्याचा जोर थोड्याच अंतरापर्यंत असतो. पाणी खोल असेल तर रोहित का येत नाही, हे आता तुमच्या हाताला समजेल.

येथे एक चूक दुरुस्त करतो. 'सायबेरियातून आलेले फ्लेमिंगो' असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. आपल्याकडचे बहुतेक रोहित सायबेरियातून येत नाहीत. त्यांची मोठी वीण गुजरातमध्ये, कच्छच्या रणात होते. डॉ. सालिम अली यांनी १९४५ साली तेथे जाऊन त्यांच्या घरट्यांची वसाहत पाहिली होती. म्हणजे ज्याला आपण परदेशी पाहुणा म्हणून मिरवतो, तो शेजारच्या राज्यातला निघाला! मुलांची येथे जरा निराशा होते.

खरा परदेशी पाहुणा पाहायचा तर पट्टकादंब पाहावा. करड्या अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, दोन-तीन किलो वजनाचा हा हंस काठच्या कोवळ्या गवतात चरताना दिसतो. तो मंगोलिया, तिबेट, किरगिझस्तान येथील उंचावरच्या सरोवरांवर घरटी करतो, आणि तेथून भारतात यायचे म्हणजे वाटेत हिमालय आडवा. पाठीवर यंत्रे बसवलेल्या या हंसांनी सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उड्डाण केल्याची नोंद झाली आहे. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून किंचित कमी असते. पंखांना मिळणारा उचल-जोर हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. घनता निम्मी झाली, तर तेवढाच जोर मिळवण्यासाठी वेग दोनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४ पट करावा लागतो आणि लागणारी शक्तीही साधारण तेवढीच वाढते. शक्ती जास्त हवी आणि श्वासातला प्राणवायू मात्र निम्मा. यावर या हंसाचा तोडगा काय? त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला घट्ट धरून ठेवते. शिवाय तो बहुधा रात्री किंवा पहाटे उडतो. हवा वीस अंशांनी थंड झाली की ती सुमारे सात टक्क्यांनी दाट होते, आणि तेवढाच आधार वाढतो. आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो एकदा वर चढून तेथेच उडत राहत नाही, तर डोंगर-दऱ्यांच्या चढउतारांबरोबर वरखाली होत जातो. पुन्हा चढण्याचे कष्ट परवडले, पण विरळ हवेत रेंगाळणे नको, असा त्याचा हिशेब.

इतक्या कष्टाने आलेल्या पाहुण्याकडे येथे एकच काम असते, खाणे. परतीच्या प्रवासाची चरबी त्याला येथेच साठवायची असते. उडण्यासाठी लागणारी ऊर्जा चरताना लागणाऱ्या ऊर्जेच्या कितीतरी पट असते. म्हणून फोटोसाठी नाव थव्यात घुसवून 'उडवा, उडवा' असे नावाड्याला सांगणारे प्रवासी पाहिले की मला राग येतो. एका फोटोपायी शेकडो पक्ष्यांचे जेवण वाया जाते. समजदार नावाडी इंजिन लांबच बंद करतात आणि बांबूने नाव सरकवतात.

या सगळ्यात एक अवघड गोष्ट आहे, ती सांगितली पाहिजे. आज रोहित जेथे चरतात ती जमीन कोणाची तरी शेती होती. धरण झाले तेव्हा जुने पळसदेव गाव पाण्याखाली गेले आणि लोक वर येऊन राहिले. दुष्काळात पाणी फार खाली गेले की गावाचे जुने पळसनाथाचे मंदिर पाण्याबाहेर उघडे पडते आणि म्हातारी माणसे ते पाहायला जातात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. ज्या पाणी उतरण्याने पाखरांचे ताट वाढले जाते, त्यानेच काठावरच्या शेतकऱ्याचा पंप कोरडा पडतो आणि त्याला पाइप लांबवीत पाण्यामागे धावावे लागते. भर म्हणून पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून येथे येते. त्याने शेवाळ फोफावते, चरणाऱ्या काही पक्ष्यांचे फावतेही. पण मासे मारून पोट भरणाऱ्याला त्या हिरव्या पाण्याविषयी विचारा! त्याच घरातला मुलगा हिवाळ्यात पर्यटकांची नाव चालवतो. पक्षी आले तर त्याचा हंगाम, पाणी टिकले तर बापाचा.

फसलेल्या सहलीनंतर आमच्या वर्गाने एक काम अंगावर घेतले. वर्तमानपत्रात रोज येणारी उजनीची पातळी आलेख-कागदावर मांडायची. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर मीटर. जानेवारीत रेघ जवळजवळ सपाट होती. फेब्रुवारीत ती वाकू लागली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलांनी वर्गात मतदान घेऊन रविवार ठरवला. मला फक्त कळवले. त्या सकाळी कुंभारगावच्या काठावर नावाड्याने बांबू पाण्यात घातला, तो मांडीपर्यंतच गेला. पलीकडे पाण्यात गुलाबी-पांढरी रांग होती आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या. एका मुलाने खिशातून घडी घातलेला आलेख काढून नावाड्याला दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "पुढच्या साली ह्यो कागद मला बी एक द्या."