खवले मांजराचे गणगोत

ठाणे-कल्याणहून मुरबाड-शहापूरच्या अंगाला गेले, की सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात खवले मांजर राहते. राहते खरे, पण सहसा कुणाला दिसत नाही. दिवसा बिळात झोपावे आणि रात्री एकट्याने कामावर निघावे, हा त्याचा क्रम. आमच्या रात्रपाळीवाल्यांना त्याच्याविषयी थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही. अंगावर 160 ते 200 खवले, वारूळ फोडायला पुढच्या पायांची दणकट नखे, आणि सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची चिकट जीभ. दात एकही नाही. मुंग्या नि वाळवी जठरातच भरडली जाते, तीही पोटात गेलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने.

आता दक्षिण अमेरिकेकडे पाहू. तिथल्या मुंगीखाऊलाही दात नाहीत, जीभ अशीच लांब. आर्मडिलोच्या अंगावर चिलखत. कुव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे दोघे, झाडाला उलटा लोंबकळणारा स्लॉथ आणि आपले खवले मांजर अशा सर्वांना ‘अदंत’ म्हणून एका दावणीला बांधले. नावच मुळात खोटे. राक्षसी आर्मडिलोला ऐंशी-शंभर दात असतात. स्लॉथलाही असतात, फक्त त्यांवर लुकण नसते.

स्लॉथ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आळस. हे नाव वाचताच आम्हांला मुकादमाची आठवण होते. वास्तविक या प्राण्याचे अन्न म्हणजे झाडाचा पाला. त्यातून शक्ती थोडी मिळते आणि तो पचायला काही दिवस लागतात. मिळकत तेवढा खर्च, एवढाच त्याचा हिशेब आहे. शौचासाठी तो आठवड्यातून एकदा झाडाखाली उतरतो. त्याच्या केसांत हिरवे शेवाळ वाढते, त्यामुळे पानांत तो दिसून येत नाही.

स्लॉथ, मुंगीखाऊ आणि आर्मडिलो हे मात्र खरोखरचे भाऊबंद. त्यांच्या कमरेच्या मणक्यांना जादा सांधे असतात. तसे इतर सस्तन प्राण्यांत आढळत नाहीत. त्यांचे खंड दीर्घकाळ समुद्राने वेढलेले होते. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची भूमी जोडली गेली, तेव्हा त्यांतले काही उत्तरेकडे सरकले. 1832 साली डार्विनला अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर हत्तीएवढ्या स्लॉथांची हाडे सापडली. त्याच भूमीत त्याच बांध्याचे छोटे प्राणी आज जिवंत का असावेत, हा प्रश्न मग त्याला सुटू देईना.

खवले मांजराला हे जादा सांधे नाहीत. आर्मडिलोचे चिलखत हाडाचे; याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे. आनुवंशिक द्रव्याची तुलना झाल्यावर तर असे ठरले, की याचे सर्वांत जवळचे सगे म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल हे मांसाहारी. गावकऱ्यांनी केवळ रूप पाहून ठेवलेले नाव योगायोगाने पंडितांपेक्षा सत्याच्या जवळ गेले!

मग सारखेपणा आला कुठून? कामातून. कल्याणच्या हमालाच्या खांद्याला घट्टा पडतो, तसा ब्राझीलच्या हमालाच्याही. म्हणून ते भाऊ होत नाहीत. अर्थात घट्टा मुलाला वारशाने मिळत नाही. प्राण्यांत घडते ते वेगळे. वारुळावर जगणाऱ्यांत ज्यांची जीभ जन्मतः अंमळ लांब, त्यांची पिले अधिक जगली, आणि लाखो पिढ्यांत दोन्ही खंडांत एकच हत्यार तयार झाले.

संकट आले की खवले मांजर अंगाचा चेंडू करते. बिबट्याला तो सहजी उलगडत नाही. माणूस मात्र तो सरळ पोत्यात भरतो. खवले औषधी असल्याच्या समजुतीने परदेशात त्यांना मोठा भाव येतो. पकडणाऱ्या गरिबाच्या हाती त्यातले किरकोळच पडते, आणि तुरुंगात प्रथम जातो तोच. 1972 च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून बंदी आहे. चिपळूणजवळच्या डुगवे गावाने 2020 मध्ये खवलोत्सव करून त्याची पालखीच काढली. मादीला एका वेळी बहुधा एकच पिलू होते. ते आईच्या शेपटीवर बसून रात्रीच्या फेरीला निघते, आणि धोका दिसताच ती त्याला पोटाशी घेऊन त्याच्याभोवती वेटोळे घालते.