कासवांच्या किनाऱ्यावर मोबाईलचा फ्लॅश बंद का ठेवायचा?

कोकणात कासवाची पिल्लं बघायला जायचा प्लॅन असेल, तर हे आधी वाचा. कारण तिथे मोठी गडबड करू शकतो तो आपल्याच खिशातला मोबाईल.

प्रकाशाने नेमकं काय होतं?

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. समोर दिवे किंवा माणसांची वर्दळ दिसली, तर ती अंडी न घालताच माघारी फिरू शकते.

साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाट दाखवायला आई नसते. जिकडे उजेड जास्त तिकडे समुद्र, एवढंच त्यांना कळतं. पण किनाऱ्यावरच्या हॉटेलचा दिवा समुद्रापेक्षा जास्त चमकला, की ती उलट दिशेला चालू लागतात. मग दमून, सुकून किंवा कुत्र्यांच्या तोंडी सापडून मरतात.

मोबाईलची टॉर्चही तशीच का?

टॉर्चच्या पांढऱ्या एलईडीमध्ये निळ्या प्रकाशाचा भाग बराच असतो आणि कासवांना तोच जास्त खेचतो. लाल किंवा अंबर रंगाचा प्रकाश त्यामानाने कमी त्रासदायक.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांसोबत कासव संवर्धन सुरू केलं. तिथे अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिल्लं सगळ्यांसमोर समुद्राकडे सोडतात. पण मादी येते ती रात्री, उघड्या किनाऱ्यावरच.

जाण्याआधी हे करा

१. कॅमेऱ्यात फ्लॅश ‘ऑटो’वर नको, ‘ऑफ’ करा.
२. कॉल आल्यावर फ्लॅश चमकण्याचं सेटिंग बंद करा.
३. स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी कमी ठेवा.
४. रात्री किनाऱ्यावर फिरूच नका. जावंच लागलं तर टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावा आणि उजेड पायाशीच ठेवा.
५. घरटं दिसलं तर त्याचं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर कळवा.
६. वाळूत केलेले खड्डे बुजवा, प्लास्टिक परत आणा. पिल्लाला छोटा खड्डासुद्धा विहिरीसारखा असतो.

माझं म्हणाल तर, फोटो थोडा काळपट आला तरी चालेल. तो घरी एडिट करता येतो, चुकलेलं पिल्लू मात्र परत वळवता येईलच असं नाही. ग्रुपमध्ये कोणी वेळासला निघालं असेल, तर त्यांना हे नक्की पाठवा!