शिक्का आहे, डिंकही आहे

सत्तरच्या दशकात जुन्या जालन्यात आम्हाला बिबट्या भेटायचा तो तिकिटावर. व्हीपीनं मागवलेल्या 'मिक्स' पाकिटातून अख्खी आफ्रिका सतरंजीवर सांडायची. आजोबांच्या जुन्या पत्रांवर निजामाची तिकिटं होती. १९३१ च्या त्या मालिकेत चारमिनार होता, आठ आण्यांवर अजिंठ्याचं प्रवेशद्वार होतं, रुपयावर दौलताबादचा मनोरा होता. जनावर मात्र एकही नाही.

आफ्रिकेत तोवर मार्जारकुळानं चांगलंच बस्तान बसवलं होतं. इथिओपियाच्या १८९४ च्या पहिल्याच तिकिटांवर सम्राट मेनेलिकच्या जोडीला मुकुटधारी सिंह आहे. पण माझं मन बसलं ते फ्रेंच काँगोच्या १९०० च्या बिबट्यावर. दबा धरून बसलेला, आणि तोही फक्त १ ते १५ सेंटिमच्या स्वस्त तिकिटांवर. मधल्या किमतींना एक आफ्रिकी स्त्री, फ्रँकच्या तिकिटांना लिब्रव्हिलची नारळीची बाग. गरिबाच्या पत्राला बिबट्या, असा हा हिशेब! न्यासालँडनं १९३४ मध्ये त्याला उगवत्या सूर्यापुढे खडकावर उभं केलं, कारण तेच त्या प्रदेशाचं राजचिन्ह होतं.

बिबट्या आणि चित्ता यांत आमची हमखास गल्लत व्हायची. भिंगातून डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ दिसली की चित्ता. ठिपक्यांची फुलं झालेली दिसली की बिबट्या. भारतातून चित्ता संपल्याचं १९५२ मध्येच जाहीर झालं होतं, त्यामुळे तो ओळखायला आम्ही शिकलो तो परदेशी कागदावर.

पुढे एक गोष्ट खटकू लागली. इक्वेटोरियल गिनीसारख्या देशांची चकचकीत तिकिटं ढिगानं मिळत. कोपऱ्यात सुबक शिक्का, उलटून पाहावं तर मागे डिंक जसाच्या तसा! म्हणजे ती कुठल्या पत्राला लागलीच नव्हती. शिक्का मारून थेट संग्राहकांना विकलेली. पुढे तर काही आफ्रिकी देशांनी वाघही छापला, जो आफ्रिकेच्या जंगलात नाहीच. हा निव्वळ धंदा.

१९७६ च्या ऑक्टोबरात आपल्या टपाल खात्यानं सिंह, बिबट्या आणि शशकर्ण (कॅराकल) काढले, सोबत बारशिंगा. दोन रुपयांवरचा शशकर्ण, म्हणजे उर्दूतला सियाहगोश, आफ्रिकेतही आहे आणि आपल्याकडेही, जेमतेम. माझ्याकडे तो एका रजिस्टर पाकिटावर आला, वेड्यावाकड्या काळ्या शिक्क्यासह. ते तिकीट मी पाण्यात सोडवलं नाही. पाकिटासकट ठेवलं आहे.