आकडा कुणाच्या हाती?

खेळाडूचा घाम दिसतो. त्याच्या देहावर पडलेला भार दिसत नाही. तो मोजण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत खेळाडूच्या पाठीवर जीपीएस यंत्र बांधतात. तो किती धावला, किती वेगाने धावला, हृदयाचे ठोके किती पडले, सारे नोंदले जाते. भार एकाएकी वाढवला तर दुखापतीचा धोका वाढतो, म्हणून ही नोंद.

परंतु शास्त्र असले म्हणजे माणूस जपला जातोच असे नाही. २०१८ साली मेरीलँड विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल खेळणारा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय विद्यार्थी सरावात उष्माघाताने कोसळला आणि पंधरा दिवसांनी मरण पावला. अशा वेळी शरीराचे तापमान मोजून रोग्याला तातडीने बर्फाच्या पाण्यात बुडवावे, हे शास्त्राला तेव्हाही ठाऊक होते. त्याचे तापमान मोजले गेले नाही. त्याला पाण्यात बुडवले गेले नाही. पुढे विद्यापीठाने चुका कबूल केल्या.

मग आपल्या महाविद्यालयांनी काय करावे? अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची रीत वही-पेन्सिलीची आहे. सरावानंतर खेळाडूने आपल्या श्रमाला ० ते १० पैकी आकडा द्यावा आणि त्याला मिनिटांनी गुणावे. श्रम ७, वेळ ६० मिनिटे, भार ४२०. येथे यंत्र लागत नाही आणि खेळाडू स्वतः बोलतो. ती वही शिक्षकांनी त्याच्याच हाती ठेवावी. ज्यांच्या श्रमाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच ठेवला, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.